प्रसूतिगृहांतील गर्दी व सुईणीचा हात

नागपूरच्या उत्तरेस, कामठी रस्त्याच्या बाजूला जरीपटका नांवाची वस्ती आहे. मराठ्यांच्या राज्यांत जरीपटका म्हणजे सरदाराला मिळालेलें मानाचें निशाण. वस्तीचें नांव असें ऐटबाज असलें, तरी १९४७ च्या फाळणीनंतर येथें जे येऊन राहिले ते घरदार गमावून आलेले सिंधी निर्वासित होते. त्यांच्यांतील ज्या स्त्रिया त्या दिवसांत गरोदर होत्या, त्यांची अवस्था कल्पनेनेंच जाणावी. पहिलें बाळंतपण माहेरच्या आधारानें पार पडावें, ही अपेक्षा कोणत्या लेकीची नसते? परंतु ज्यांचें माहेरच सीमेपलीकडे राहिलें त्यांनीं जावें कोठें? ओळखीची दाई नाहीं, शेजारीण नवखी, भोंवतालची भाषा निराळी. अशा वेळीं शहरांतील रुग्णालयानेंच माहेर व्हावयाचें.

पाऊण शतकानंतर आज जरीपटक्यांत मोठी बाजारपेठ आहे, दवाखाने आहेत, खासगी प्रसूतिगृहेंहि आहेत. तथापि रात्रीं दोन वाजतां कळा सुरू झाल्या आणि घरांत पैशांची ओढ असली, म्हणजे या भागांतील रिक्षा अजूनहि मेयो रुग्णालयाकडे किंवा डागा स्त्री रुग्णालयाकडे धांवते. नागपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांवर भार केवळ नागपूरचा नाहीं. विदर्भांतील जिल्ह्यांतून आणि मध्य प्रदेशांतील छिंदवाडा, बालाघाट इकडूनहि अडलेल्या बाळंतिणी येथेंच पाठविल्या जातात. ज्या बाईचें सर्व कांहीं सुरळीत आहे आणि जिच्या जिवावर बेतलें आहे, त्या दोघी एकाच दारांतून आंत येतात. गर्दीचें खरें संकट तें हेंच. अडलेल्या बाईकडे सर्वांचें लक्ष जाणें योग्यच; पण तेवढ्या वेळांत दुसरी, जिचें अजून कांहीं बिघडलेलें नाहीं, ती एकटी पडते. प्रसूतीचा असा विलक्षण स्वभाव आहे कीं, सुरळीत चाललेली गोष्ट अर्ध्या तासांत बिघडूं शकते, आणि ती बिघडत आहे हें जवळ बसलेल्या माणसालाच प्रथम कळतें.

मोठ्या इस्पितळांची भीति जुन्या बायकांना वाटे, ती सर्वस्वीं अडाणीपणाची नव्हती. व्हिएन्ना शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांत गेल्याच्या गेल्या शतकांत प्रसूतीचे दोन विभाग होते. एकांत डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुईणी शिकत. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शंभरांपैकीं अकरांहून अधिक बाळंतिणी सूतिकाज्वरानें दगावल्या. सुईणींच्या विभागांत तीनांहून कमी. पहिल्या विभागांत खाट मिळूं नये म्हणून बायका हातापायां पडत, आणि त्यांचें म्हणणें खरें होतें! इग्नाझ झेमेलवाइस नांवाच्या तरुण डॉक्टरानें कारण शोधून काढलें. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलींतून उठून तसेच प्रसूतिविभागांत येत; सुईणी शवाला हात लावीत नसत. १८४७ मध्यें त्यानें क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला आणि मृत्यूंचें प्रमाण भराभर खालीं आलें. त्याच्या समव्यवसायी मंडळींनीं मात्र त्याला दाद दिली नाहीं. विद्वानांना ‘तुमचे हात घाण आहेत’ असें सांगणें कोणत्याहि काळीं कठीणच.

हिंदुस्थानांतील अडचण निराळी होती. पुरुष डॉक्टरासमोर जाण्यापेक्षां मरण बरें असें मानणाऱ्या घरांतून बाई बाहेर पडतच नसे. आनंदीबाई जोशी यांचें पहिलें मूल अवघ्या दहा दिवसांचें होऊन गेलें, आणि त्या दुःखांतूनच त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ सालीं अमेरिकेंत त्यांनीं पदवी मिळविली, तेव्हां त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदु आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढच्याच वर्षीं त्या वारल्या. त्याच सुमारास, १८८५ मध्यें, लेडी डफरिन यांच्या नांवाचा निधि उभा राहिला व गांवोगांवीं स्त्रियांचीं रुग्णालयें निघालीं. नागपूरच्या डफरिन रुग्णालयांत परिचर्येचें व सुईणकामाचें शिक्षण घेतलेल्या एका बालविधवेनें पुढें जें केलें, तें नागपूरकरांनीं विसरण्याजोगें नाहीं.

कमलाताई होस्पेट ह्या त्या बाई. जन्म १८९६ चा. ऐन कोवळ्या वयांत वैधव्य आलेलें. त्या काळीं सुईणकाम हें पांढरपेशा घरांत हलकें समजलें जाई. बाळंतिणीचा विटाळ, रक्त, वार, नाळ यांना हात लावणें हें कुलीन स्त्रीचें काम नव्हे, अशी समजूत. जिच्या हातीं दोन जीव सोंपवावयाचे, तिलाच उंबऱ्याबाहेर उभें करावयाचें, ही आपल्या समाजाची रीत! कमलाताईंनीं १९२१ सालीं वेणूताई नेने यांच्या साह्यानें मातृसेवा संघाची स्थापना केली. आरंभ मोजक्या खाटांच्या प्रसूतिगृहानें झाला. पुढें संघाच्या शाखा अनेक ठिकाणीं निघाल्या व परिचारिका तयार करण्याचें कार्यहि त्यानें अंगावर घेतलें. १९६१ सालीं सरकारनें कमलाताईंना पद्मश्री दिली; १९८१ मध्यें त्या निवर्तल्या. त्यांच्या कार्याचें मर्म इमारतींत नाहीं. सुईणकाम हें शिकून करण्याचें, स्वच्छ हातांचें व प्रतिष्ठेचें काम आहे, हें त्यांनीं नागपुरांत वागून दाखविलें.

हें काम म्हणजे नेमकें काय, हें सुशिक्षित घरांतहि फारसें ठाऊक नसतें. सुईण मूल ‘काढीत’ नाहीं. मूल येत असतें, ती राखण करते. कळांचें अंतर मोजणें, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणें, नाडी व रक्तदाब पाहणें, बाईला चालूं देणें, कूस बदलावयास लावणें, घोटभर पाणी पाजणें, आणि हें सर्व एका कागदावर वेळेसह मांडणें. घाई करावयाची नाहीं, परंतु उशीरहि होऊं द्यावयाचा नाहीं. पूर्वीं गर्भाशयाचें मुख तासाला एक सेंटिमीटर उघडलेंच पाहिजे असा दंडक होता, आणि त्यापायीं पुष्कळ बायकांना नाहक औषधें टोंचलीं गेलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं तो दंडक सोडून दिला. पांच सेंटिमीटरपर्यंतचा काळ सावकाश जाऊं शकतो. आई व बाळ ठीक असतील तर केवळ घड्याळाकडे पाहून हात घालूं नये, असें आतां शास्त्रच सांगतें. अनुभवी सुईणींना हें पूर्वींहि माहीत होतें, पण त्यांना विचारतो कोण?

मूल झाल्यावर घरचीं माणसें पेढ्यांच्या मागें लागतात. खरा धोका त्याच वेळीं असतो. गर्भाशय आंवळलें नाहीं तर थोड्या अवधींत इतकें रक्त जातें कीं, बाई हातची जाते. म्हणून मूल जन्मतांच ऑक्सिटोसिनचें इंजेक्शन देतात आणि पुढचे दोन तास पोटावर हात ठेवून पाहात राहावें लागतें. ह्या दोन तासांत जेथें परिचारिकेला चार खाटांमध्यें धांवावें लागतें, तेथें दोष तिचा नसतो. माणसें कमी, खाटा अधिक, हा हिशेब तिनें केलेला नाहीं. तिचा आवाज चढला तर तेवढा मात्र सर्वांना ऐकूं येतो. अर्थात् कळा देणाऱ्या बाईला टोंचून बोलणें, दरडावणें हें कोणत्याहि गर्दीनें क्षम्य ठरत नाहीं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आंकडे पाहिले तर प्रगति थोडी नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील शंभरांपैकीं सुमारे पंचाण्णव बाळंतपणें रुग्णालयांत झालेलीं आढळलीं. २०१८ ते २०२० ह्या काळांत देशांत एक लाख जिवंत जन्मांमागें ९७ माता दगावल्या, तर महाराष्ट्रांत ३३. परंतु त्याच पाहणीची दुसरी बाजू अशी : महाराष्ट्रांत दर चार बाळंतपणांमागें एक शस्त्रक्रियेनें होतें. देशभरांत सरकारी रुग्णालयांत हें प्रमाण शंभरांत चौदा, आणि खासगी रुग्णालयांत सत्तेचाळीस! प्रमाण दहांच्या वर गेल्यानें मृत्यु कमी होतात असें दिसत नाहीं, हें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्येंच सांगितलें आहे. याचें खापर केवळ डॉक्टरांवर फोडतां येणार नाहीं. ज्योतिषाकडून मुहूर्त काढून आणून ‘ह्याच घटकेला मूल काढा’ म्हणणारीं माणसें शिकलेल्या घरांतलींच असतात.

केंद्र सरकारनें २०१८ सालीं परिचारिकांना अठरा महिन्यांचें स्वतंत्र सुईणशिक्षण देण्याचें धोरण आंखलें. सुरळीत बाळंतपणें अशा सुईणींकडे, अडलेलीं डॉक्टरांकडे, अशी ही वांटणी आहे. ती मोठ्या शहरांतील गर्दीवर औषध ठरेल कीं नाहीं, हें नेमणुकांवर अवलंबून राहील. कागदावरची सुईण रात्रीच्या पाळीला येत नसते.

घरच्या माणसांना करतां येण्याजोगें पुष्कळ आहे. दिवस राहिल्याचें कळतांच नांव नोंदवावें. रक्त, रक्तदाब व लघवी यांची तपासणी चुकवूं नये. डोकें फार दुखणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, चेहरा सुजणें, रक्तस्राव, पाणी जाणें किंवा बाळाची हालचाल मंदावणें, ह्यांपैकीं कांहींहि दिसलें तर सकाळची वाट पाहूं नये. २०११ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूति, शस्त्रक्रिया, औषधें, रक्त, आहार व जाण्यायेण्याची गाडी हें सर्व विनामूल्य ठरलेलें आहे. गाडीसाठीं १०२ किंवा १०८ क्रमांक फिरवावा. कळांच्या वेळीं बाईजवळ तिच्या पसंतीची एक अनुभवी स्त्री असावी. दहा नातलग दाराशीं गर्दी करून उभे राहण्यापेक्षां एकीनें आंत बसणें बाईला आणि परिचारिकेलाहि साह्याचें होतें. आंत सोबतीण बसूं देतात कीं नाहीं, रात्रीं डॉक्टर व परिचारिका कोण असतात, रक्त कोठून मिळतें, हें सातव्या-आठव्या महिन्यांतच जाऊन विचारून यावें. बाळंतविड्याच्या पिशवींत टोपडीं-दुपटीं तर असतातच. तपासणीचें कार्ड मात्र सर्वांत वर ठेवावें, आणि रक्तगट त्यावर लिहिला आहे ना, हें पाहून घ्यावें.