हवानाहून न सुटलेली तार



पत्रिकेवर ‘गॅल्व्हेस्टनचा प्रलय’ असं छापलंय, पण मी बोलणार आहे हवानाबद्दल. आयोजकांना हे आत्ताच कळतंय. त्यांचे चेहरे मला इथून दिसताहेत. (हशा) गॅल्व्हेस्टन हे टेक्ससमधलं बेटावरचं बंदर. ८ सप्टेंबर १९०० ला समुद्र त्याच्यावरून गेला. बहुतेक अभ्यासक आठ हजार मृत धरतात. चक्रीवादळ कसं होतं ते सांगत बसत नाही. ‘निसर्ग’ चक्रीवादळात कौलं उडालेली मंडळी समोर आहेत, त्यांनी मला शिकवावं. माझं म्हणणं इतकंच, की या शहराचा घात पाण्याइतकाच वॉशिंग्टनच्या तोऱ्याने केला.

हवानात बेलेन नावाचं जेझुइट पाद्र्यांचं विद्यालय होतं आणि तिथे एक वेधशाळा. १८७० मध्ये बेनितो विन्येस तिचे प्रमुख झाले. हा माणूस आभाळ वाचायचा. वादळ अजून शेकडो मैल लांब असतं, वारा पडलेला असतो, ऊन असतं. पण अगदी उंचावर पांढरे, पिसांसारखे ढग पसरायला लागतात. त्यांच्या रेषा क्षितिजावर जिथे एकवटतात, वादळाचा मध्य साधारण तिकडे. त्या ढगांच्या आणि वायुभाराच्या नोंदी ते वर्षानुवर्षं ठेवत राहिले. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी हवानाच्या वर्तमानपत्रात वादळाचा इशारा छापून आणला. उपग्रह नाही, रेडिओ नाही! १८७६ च्या वादळानंतर हे गृहस्थ त्याचा माग काढत प्वेर्तो रिकोत हिंडले, आणि तिथे...

चिठ्ठी आली. ‘गॅल्व्हेस्टन केव्हा?’ (हशा) आलोच.

विन्येस १८९३ मध्ये गेले, त्यांच्या जागी फादर गांगोइते आले. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात. अमेरिकी हवामान खात्याला वाटायचं, हे पाद्री उगाच घबराट पसरवतात. म्हणून १९०० च्या ऑगस्टअखेर, ऐन वादळांच्या हंगामात, क्यूबातल्या लोकांनी हवामानाचे इशारे सरकारी तारेने पाठवायचे नाहीत असा बंदोबस्त झाला. आठवडाभरात वादळ क्यूबावर धो धो पाऊस पाडून पुढे सरकलं. वॉशिंग्टन म्हणालं, आता ते फ्लोरिडाकडून उत्तरेला वळणार. बेलेनचे लोक म्हणत होते, पश्चिमेला, आखातात जाणार.

ते आखातातच गेलं, थेट गॅल्व्हेस्टनवर. गॅल्व्हेस्टनमधला सगळ्यात उंच भाग नऊ फुटांच्या आत, आणि पाणी चढलं पंधरा फुटांवर. तिथले हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्येच लिहून ठेवलं होतं, की वादळाने या शहराचं मोठं नुकसान होईल ही भीती म्हणजे वेडगळपणा. त्यांची बायको त्या रात्री गेली. किनाऱ्यालगत सेंट मेरी अनाथाश्रम होता. तिथल्या नन्सनी कपडे वाळत घालायची दोरी घेऊन मुलांना आपल्या कमरेला बांधलं, एकीला सहा-आठ मुलं. दहा नन्स आणि नव्वद मुलं बुडाली. वाचली ती तीन मोठी मुलं, एका झाडाला धरून.

काय म्हणालात? धोक्याचं निशाण लावलं होतं? होतं ना, आदल्या दिवशी! पण ते साध्या वादळाचं. चक्रीवादळाचा इशारा द्यायला वॉशिंग्टनची परवानगी लागायची. आणि तार सुटली असती तरी गॅल्व्हेस्टनने ऐकलं असतं का, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. कदाचित नसतं ऐकलं. म्हणून बोलणाऱ्याचं तोंडच दाबायचं? चिडत नाहीये मी, माईक मोठा आहे. (हशा)

अध्यक्ष घड्याळ बघताहेत. नंतरचं भराभर सांगतो. सतरा फूट उंचीची समुद्रभिंत बांधली, दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या, खाली वाळूचा भराव टाकला. १९१५ च्या वादळात भिंत टिकली. तिचे फोटो आणलेत, ते बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवतो. बघून जागेवर परत ठेवा. विन्येसांचं प्वेर्तो रिको राहिलंच. पुढच्या वर्षी बोलावलंत, तर तिथूनच सुरू करतो.