पातेलं, चमचे आणि 40 सेकंद

आज टेक नाही, गाणं.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, पावसाळा, हरिश्चंद्रगड. पाचनईकडून चढलो आणि पावसाने असं झोडपलं की कोकणकडा विसरा, देवळाजवळच्या गुहेत पाचजण दाटीवाटीने बसलो. बॅटरी वाचवायची म्हणून एकच फोन चालू, माझा. कुणीतरी पातेलं उलटं केलं, ठेका धरला. मी बेसूर, म्हणून माझ्या हातात दोन चमचे.

आमच्यातला खरा गाणारा मात्र गप्प. त्याचे वडील गावच्या भजनात पेटी वाजवायचे. ते गेल्यापासून 8 महिने हा गायलाच नव्हता. आम्हीही कधी आग्रह केला नाही. पण पातेल्यावरचा ठेका फिरत फिरत भजनी झाला, आणि अंधारातून त्याचा आवाज आला. वडिलांचा आवडता अभंग! दगडात आवाज कसा घुमतो, ते फोनमध्ये येत नाही हो.

मध्येच तो अडकला. पातेलंवाला थांबला नाही, फक्त हात हलका केला. मग यानं उरलेला अभंग पूर्ण केला.

माझ्याकडे त्याचं 40 सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. पाऊस जास्त, गाणं कमी. परवा त्यानं मागितलं, पाठवलं. रिप्लाय आला, ‘चमचे कोण वाजवतंय रे? ताल चुकतोय.’