संगणकाची राखण : किती शक्य, किती अशक्य?
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



आज अनेकांच्या घरी संगणक आहे. दुधाचा हिशेब, द्राक्ष निर्यातीसाठी फवारणीच्या नोंदी, पीककर्जाची कागदपत्रे त्यातच असतात. ही माहिती शंभर टक्के सुरक्षित कशी ठेवावी, असे विचारले जाते. तशी ती ठेवता येत नाही. आपण शेत कायमचे तणमुक्त करीत नाही. पिकाचे नुकसान होणार नाही इतपत तण आटोक्यात ठेवतो. येथेही तेच धोरण असावे.

प्रथम उपायांच्या मर्यादा ओळखाव्यात. पासवर्ड असला तरी संगणक चोरीस गेल्यास त्याची हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, सांकेतिक रूपात न ठेवलेल्या फाईली वाचता येतात. 'डिलीट' केलेली फाईलही पुष्कळदा परत मिळविता येते. अँटिव्हायरस प्रत्येक नवा व्हायरस ओळखेलच असे नाही.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाईली अडकवून खंडणी मागितली. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही, तेच प्रामुख्याने सापडले.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची. आपला सातबारा शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. नाव, गट नंबर, क्षेत्र, कर्जाचा बोजा त्यावर असतो. म्हणून फोनवर कोणी हा तपशील बिनचूक सांगितला, तरी तो बँकेचाच माणूस आहे असे समजू नये. त्याला ओटीपी सांगितल्यास कोणतेही कुलूप उपयोगी पडत नाही.

तेव्हा पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात :

१) महत्त्वाच्या फाईलींची प्रत दर आठवड्यास वेगळ्या डिस्कवर घ्यावी. काम होताच डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिल्यास तीही अडकते.

२) सुधारणा वेळेवर बसवाव्यात. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हे ध्यानात ठेवावे.

३) अनुदान योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल मोबाईलवर उघडू नये.

४) फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर व बँकेस कळवावे.

कुंपण घातले तरी राखण करावीच लागते. सर्व धोके टळणार नाहीत. परंतु डिस्कवर प्रत असेल, तर संगणक गेला तरी हंगामाच्या नोंदी हाती राहतील.