७० ची बोट, ९० ची मोटर

अमेरिकेत राहणारा माझा एक मित्र सध्या जुनी १६ फुटी बोट बघतोय. मागे ९० हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर. विकणारा म्हणतो, "जास्त पॉवर, त्याच भावात!"

मी म्हटलं, आधी कपॅसिटी प्लेट वाच. तिथे २० फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर कंपनीला ती लावावीच लागते. किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर, सगळं त्यावर असतं. या बोटीवर लिहिलंय ७०.

हा आकडा हवेतला नाही. बोटीची लांबी गुणिले मागच्या फळीची, म्हणजे ट्रान्समची, रुंदी: १६ × ५ = ८०. स्टीअरिंग व्हील असेल आणि ट्रान्सम २० इंच उंच असेल, तर त्याची दुप्पट करून ९० वजा करायचे. उरले ७०.

जड मोटरने बोट मागे दबते. वेगात असताना थ्रॉटल एकदम सोडला, तर मागून आलेली लाट थेट आत येऊ शकते. ट्रान्समवर ताण येतो तो वेगळाच.

विकणारा सांगतो, "हा नियम बोट बनवणाऱ्यांसाठी आहे." केंद्राच्या नियमाबाबत ते खरंय. पण काही राज्यांत अशी बोट चालवणंही बेकायदेशीर आहे, आणि विमा कंपनी हात वर करू शकते.

म्हणून भाव करताना ९० ची मोटर बोनस समजू नका. मोटर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. ट्रान्समला भेगा आहेत का, तेही बघा. विकणारा ऐकत नसेल, तर सरळ निघा. त्या बोटीत मित्राच्या दोन मुली बसणार आहेत. तलाव काही पळून जात नाही!