न दिसणारे दुखणे



अपंगत्व म्हटले की कुबडी, काठी किंवा चाकांची खुर्ची डोळ्यांपुढे येते. जे दिसत नाही ते नाही, असे समाजाने धरून चालावे हे स्वाभाविक असले, तरी त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते. यवतमाळ जिल्ह्यात ती किंमत सिकलसेलचे रुग्ण मोजीत आले आहेत. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांतील कोलाम, गोंड, परधान वस्त्यांतून हा आजार आढळतो. परंतु तो केवळ आदिवासींचा आहे हा समजही खरा नव्हे. विदर्भातील अनुसूचित जातींत व इतर मागास समाजांतही तो आहे.

निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात आणि सुमारे १२० दिवस टिकतात. या आजारात प्राणवायू कमी पडताच त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दहा-वीस दिवसांतच नष्ट होतात. त्यामुळे रक्तक्षय कायमचा असतो. जेथे पेशी अडकतात तेथे असह्य वेदना होतात. कधी सांध्यांत, कधी पाठीत, कधी पोटात. वेदनांचा हा झटका काही तास किंवा काही दिवस राहतो आणि ओसरतो.

गैरसमजाचे मूळ या ओसरण्यातच आहे. परवा मैदानावर खेळणारा मुलगा आज अंथरुणावर कण्हतो आणि चार दिवसांनी पुन्हा वर्गात हसताना दिसतो. अंगावर जखम नाही, सूज असेलच असे नाही. मग शाळेत त्याला ढोंगी म्हणतात, घरी करणीचा संशय घेऊन भगताकडे नेतात, आणि मोठेपणी कापूस वेचणीच्या हंगामात त्याची गणना कामचुकारांत होते. ‘आळशी’ हा शेरा प्रगतिपुस्तकात फार सहज लिहिला जातो. वस्तुतः थंडी, शरीरातील पाण्याची कमतरता, अतिश्रम आणि ताप ही झटका येण्याची प्रमुख कारणे आहेत. पहाटेच्या गारठ्यात थंड पाण्याची आंघोळ आणि लगेच कवायत, ही शिस्त इतरांना मानवेल. या मुलाला ती आजारी पाडते. त्याच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. म्हणून तो वारंवार पाणी पितो आणि वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागतो. तो खोडकरपणा नव्हे.

अशा मुलाला शिकवून काय उपयोग, असाही एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. त्याचे उत्तर या आजाराच्या इतिहासातच आहे. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ज्या रुग्णाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, तो वॉल्टर नोएल हा ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता. वारंवार आजारी पडूनही त्याने पदवी मिळविली आणि मायदेशी परतून व्यवसाय केला. त्या काळी या आजारावर काहीही औषध नव्हते. भारतात या पेशी १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळल्या, आणि १९५८ साली नागपूरच्या संशोधकांनी मध्य भारतातील आढळ प्रसिद्ध केला. आज हायड्रॉक्सियुरिया हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली नियमित घेतल्यास झटके पुष्कळ कमी होतात. दुखत नाही म्हणून औषध बंद करणे हीच येथली नेहमीची चूक आहे.

वाहक आणि रुग्ण यांतील भेद पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावा. आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आला तर मूल वाहक ठरते. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोन्हीकडून आला तर ते रुग्ण होते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढील तीन सुटली, असे नाही. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. दोष सुनेच्या घराण्याचा, हा निवाडा तर सर्वस्वी चुकीचा, कारण रुग्ण मुलाच्या रक्तात पित्याचा वाटा तितकाच असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. त्यातील तपासणीचे कार्ड वाहक मुलीचे लग्न मोडण्याचे साधन होणार असेल, तर लोक तपासणीलाच येणार नाहीत. लग्नापूर्वी दोन्ही बाजूंनी तपासणी करावी आणि तिचा निकाल चावडीवर चर्चिला जाऊ नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सिकलसेलचा समावेश अपंगत्वात केला. उच्च शिक्षणातील आरक्षणाचा लाभ ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यास मिळू शकतो; मात्र शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत. ही उणीव लहान नाही. शिवाय प्रमाणपत्रासाठी रुग्ण प्रवास करून येतो तो बऱ्या दिवशी. झटका आलेल्या दिवशी त्याला बसमध्ये चढवतही नाही. समोर उभा असलेला माणूस धडधाकट दिसतो, म्हणून कागद बाजूला सारणाऱ्या कर्मचाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे.

आश्रमशाळांतून करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. वर्गात पाण्याची बाटली, हिवाळ्यात गरम पाणी, कवायतीतून सूट आणि गैरहजेरीच्या नोंदीपुढे आजाराचे कारण. मात्र ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर तो या मुलांच्या बाबतीत साधा ताप समजू नये. त्यांची प्लीहा निकामी झालेली असते आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. अशा वेळी अधीक्षकांनी सकाळची वाट न पाहता रात्रीच वाहन मिळवून मुलाला रुग्णालयात न्यावे आणि त्याला सिकलसेल आहे हे तेथील डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.