चौक कुणाचा?

मैत्रिणींनो, जव्हार-मोखाड्यात वारली लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. कॉपीराइट मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चौकावरचा बायकांचा हक्क त्या कायद्याला दिसतच नाही. व्यापारी त्यांना न विचारता तो चादरींवर छापतात.

पुढे १९९९च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली वारली चित्रकलेची नोंद झाली. त्यामुळे बनावट मालावर हे नाव लावणाऱ्याला अडवता येतं. आकृत्या काढायला बंदी होत नाही. ती व्हावी, असं मीही म्हणणार नाही. उद्या आपल्याच मुलींनी दारूबंदीच्या पोस्टरवर या आकृत्या काढल्या, तर त्यांनी परवानगी कुणाकडे मागायची?

हात मोकळे राहू द्या, नाव सोडू नका. अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदवहीत चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं लागलीच पाहिजेत.