मागची बैठक

जुन्या धर्तीच्या मोटरसायकलींना गेल्या पंधरा वर्षांत पुनः भरभराटीचे दिवस आले आहेत. वाटोळा दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, चकाकणारा लांब सायलेन्सर आणि तारांच्या आऱ्यांचीं चाकें असें आजोबांच्या काळचें रूप. आंत मात्र इंधनाचा चोख हिशेब ठेवणारी विजेची यंत्रणा आणि चाक जाम होऊं न देणारा ब्रेक, असा हा संगम आहे. ह्या वाहनाचा ग्राहक केवळ कॉलेजांतील तरुण नव्हे. मुलें मार्गाला लागलेला, पन्नाशी ओलांडलेला गृहस्थही दुकानाच्या कांचेशीं रेंगाळतो. कारण त्याच्या लहानपणीं शेजारच्या वाड्यांत कुणाची तरी बुलेट किंवा जावा उभी असे आणि आपल्या दारांत ती कधींच उभी राहिली नाहीं, ही खंत त्यानें मनांत जपलेली असते.

बुलेट हें नांव १९३२ सालीं इंग्लंडांतील रेडिच येथें प्रथम मोटरसायकलीवर उमटलें, आणि १९५५ पासून हें वाहन मद्रासेस जुळूं लागलें. जावा म्हैसुरास १९६१ पासून तयार होऊं लागली. २०१८ सालीं ती नव्यानें अवतरली. हा इतिहास रम्य खरा, परंतु तो सर्वस्वीं पुढें बसणाराचा इतिहास आहे. जुन्या गाड्यांत चालकाच्या खोगिराखालीं स्प्रिंगा असत. मागें बसणाराच्या वांट्यास मडगार्डवर बसविलेली एक लहानशी उशी येई. बुलेटच्या मागच्या चाकास डोलत्या दांड्याचा व स्प्रिंगांचा आधार मिळाला, तोच मुळीं १९४८-४९ च्या सुमारास. तेव्हां ‘जुनें तें सोनें’ ही म्हण निदान मागच्या बैठकीपुरती तरी कोणी मानूं नये.

पुण्यांतील एका दांपत्याची हकीकत येथें उपयोगी पडेल. यजमानांचें वय सत्तावन, पत्नीचें बावन्न. पत्नीचें माहेर वाईचें. बाईंना मणक्याचा जुना त्रास. प्रवासास डॉक्टरांची मनाई नव्हती, फक्त हादरे टाळावे एवढेंच त्यांनीं बजावलेलें. यजमानांनीं एका स्नेह्याची जुन्या घाटाची गाडी दोन दिवसांकरितां मागून आणली आणि दोघें वाईस निघालीं. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत बाई कांहीं बोलल्या नाहींत. सुरूरच्या फाट्यावर उतरल्या, तेव्हां त्यांना सरळ उभें राहवेना. परततांना त्या एस्. टी.नें आल्या. दोघें एकाच दिवशीं घरीं पोहोंचलीं, पण निरनिराळ्या वाहनांनीं. यानंतर नवी गाडी घ्यावी कीं नाहीं हा प्रश्न पैशाचा राहिला नाहीं. चुकीची गाडी घेतली, तर उरलेलीं वर्षें यजमानांना एकट्यानेंच फिरावें लागणार होतें.

एकाच गाडीवर एकास सुख आणि दुसऱ्यास यातना, असें कां व्हावें? चालक दोन्ही चाकांच्या मध्यें बसतो. रस्त्यावरचा उंचवटा त्याच्यापर्यंत पोहोंचतांना निम्मा झालेला असतो. शिवाय त्याच्या हातीं हँडल असतें, खड्डा त्यास आधीं दिसतो आणि तो फूटरेस्टवर किंचित् उठून धक्का पायांवर घेतो. मागें बसणारी व्यक्ति जवळजवळ मागच्या आंसाच्या वरच बसलेली असते. तिला खड्डा दिसत नाहीं. तो एकदम कण्याला कळतो. त्यांतून फूटरेस्ट उंच असले, तर गुडघे दुमडून पोटाकडे येतात, कमरेस पोक येतो आणि तोच धक्का दुप्पट जाणवतो.

ह्या दृष्टीनें बाजारांतील वाहनांकडे पाहिलें म्हणजे जाहिरातींतील आंकडे निराळे वाटूं लागतात. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सप्टेंबर २०२१ मध्यें नव्या एंजिनासह आली. एंजिन ३४९ घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें वीस अश्वांची, गाडीचें वजन १९५ किलो. थरथर शमविणारा एक समतोल-दांडा ह्या एंजिनांत असल्यामुळें पायांना मुंग्या येण्याची जुनी तक्रार पुष्कळ कमी झाली आहे. परंतु तिच्या पुष्कळ प्रकारांत मागची गादी वेगळी व आंखूड आहे. दिसावयास मोठी डौलदार, बसणारास मात्र जागा बदलावयास वाव थोडा. मिटिओर ३५० ही नोव्हेंबर २०२० ची. तिची बैठक जमिनीपासून ७६५ मिलिमीटर, म्हणजे क्लासिकपेक्षां चार सेंटिमीटर खालीं; चढण्या-उतरण्यास सोपी, आणि कांहीं प्रकारांत पाठ टेकण्यास उशीही मिळते. मात्र तीवर चालकाचे पाय पुढें जातात आणि सगळा भार माकडहाडावर येतो. होंडाची हायनेस सीबी ३५० ही २०२० सालचीच. वजनानें १८१ किलो, म्हणजे हलकी, आणि गादी एकसंध. दोन सिलिंडरांची इंटरसेप्टर ६५० किंवा विलायती ट्रायंफची बॉनव्हिल ह्यांच्या गाद्या लांब व सपाट आहेत, पण वाईस जाऊन येणाऱ्या कुटुंबास एवढी शक्ति कशास हवी, हें यजमानांनाही सांगतां आलें नाहीं.

त्यांचें मन क्लासिकवर जडलें होतें. रंगसुद्धां ठरला होता. दुकानांत बाईंनीं निराळाच क्रम लावला. प्रत्येक गाडीवर यजमानांना पुढें बसवून त्या स्वतः मागें दहा-दहा मिनिटें बसल्या, कोपऱ्यावरच्या तीन गतिरोधकांवरून फेरी मारावयास लावली आणि परत आल्यावर गुडघा किती वाकतो, हात कोठें धरावा लागतो, सायलेन्सरची ऊब पायास लागते कीं काय, हें पाहून घेतलें. दुकानांतील तरुण गाडीचा वेग सांगत होता, त्याकडे त्यांचें लक्ष नव्हतें. शेवटीं त्यांनीं बोट दाखविलें तें बुलेटकडे. सप्टेंबर २०२३ मध्यें आलेली ही बुलेट म्हणजे एंजिन क्लासिकचेंच, वजनही तेंच. गादी मात्र अखंड. कंटाळा आला कीं बोटभर पुढें-मागें सरकतां येतें, एवढाच त्यांचा मुद्दा होता. यजमानांनीं रंगाचा विषय पुनः काढला नाहीं.

गाडी घेतल्यानेंच काम संपत नाहीं, हें मात्र पुष्कळांना ठाऊक नसतें. मागच्या शॉक ऍब्झॉर्बरच्या स्प्रिंगेस ताण कमी-अधिक करण्याच्या पायऱ्या असतात. ह्या गाडीस त्या सहा आहेत. एकट्यासाठीं ठेवलेल्या ताणावर दोघें बसलीं, म्हणजे स्प्रिंग आधींच दबून जाते आणि खड्ड्यासाठीं तिच्याजवळ जागा उरत नाहीं. तो कड् असा आवाज होतो, तो हाच. गाडीबरोबर मिळणाऱ्या आंकडेदार पान्यानें पायरी चढवावी, आणि गाडीच्या पुस्तकांत दोघांसाठीं दिला असेल तेवढा हवेचा दाब मागच्या चाकांत भरावा. मागें भार आल्यानें दिव्याचा झोत वर जातो आणि समोरून येणाराचे डोळे दिपतात. रात्रीं निघण्यापूर्वीं तोही खालीं घ्यावा.

कायद्यानें मागें एकाच व्यक्तीस मुभा आहे, आणि शिरस्त्राण तिलाही सक्तीचें आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १२३ वा नियम तर गृहिणींसाठींच लिहिल्यासारखा वाटतो. मागें बसणारास धरावयास कायम मूठ, पाय ठेवावयास आधार, आणि कपडा अडकूं नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें आवरण, हीं तीन्ही त्यानें आवश्यक ठरविलीं आहेत. शोभा बिघडते म्हणून साडीगार्ड काढून टाकणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. पदर किंवा ओढणी चाकांत गुंतून झालेले अपघात त्यांनीं ऐकलेले नसावेत. बाईंनीं तें काढूं दिलें नाहींच, उलट पाय एका बाजूस सोडून न बसतां पंजाबी पोषाखांत दोहों बाजूंस पाय टाकून बसण्याचें ठरविलें. कंबर सरळ राहते आणि वळणावर चालकाचा तोलही जात नाहीं.

पुढच्या थंडींत दोघें पुनः वाईस गेलीं. तासाभरानंतर गादी कठीण लागते, ही बाईंची तक्रार अजून आहे. म्हणून खेड-शिवापूर ओलांडल्यावर एक आणि घाट उतरल्यावर दुसरा, असे दोन थांबे त्यांनीं ठरवून घेतले आहेत. पहिल्या थांब्यावर चहा होतो. दुसऱ्या थांब्यावर, सुरूरच्या फाट्याशीं, यजमान टायरची हवा हातानें चांचपून पाहतात आणि बाई तोंवर माहेरीं फोन करून भाकरी टाकावयास सांगतात.